दर चौकटीत चाक्या बदलतो! एकच पात्र हाताने सारखं कसं काढायचं?

अबोली

मुलगी आता पाचवीत जाईल. सुट्या लागल्यापासून दुपारभर घरातच असते, बाहेर पंचेचाळीस अंशांच्या वर ऊन. मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदींच्या पोळ्याला, तिच्या आजोबांनी तिला चाकांचा लाकडी नंदी घेऊन दिला होता. त्याचं पुढचं एक चाक वाकडं बसलंय, म्हणून ओढला की तो एका अंगाला झुकतो आणि कुईं कुईं करतो. तिने त्याचं नाव ठेवलं चाक्या, आणि आता चाक्याची चित्रकथा काढायला घेतली आहे. गोष्ट तिची तिनेच रचली: चाक्या रात्री एकटाच घराबाहेर पडतो आणि दारोदार बोजारा, म्हणजे त्या दिवशी नंदी घेऊन आलेल्या पोरांना घरोघरी मिळते ती भेट, मागत फिरतो. चार पानं, पानाला सहा चौकटी. म्हणजे चोवीस वेळा चाक्या.

पहिल्या चौकटीतला चाक्या फार गोड आला आहे, बाजूने काढलेला. दुसऱ्या चौकटीत तो मान वळवून बघतो, तिथे त्याचा कुत्रा झाला. तिसरीत समोरून येतो, तिथे म्हैस. काल तिने अख्खं पान फाडलं आणि रडत बसली. म्हणाली, "आई, हा तो नाहीच."

चित्र बिघडलं म्हणून ती रडत नव्हती. आपलं माणूस गर्दीत हरवावं तसं तिला झालं होतं. तेव्हापासून मलाही चैन नाही.

नवरा म्हणतो, टॅबवर एकदा नीट काढ आणि तोच चिकटवत जा. तिला ते नकोय, हातानेच काढायचंय. मला चित्रकलेतलं कळत नाही म्हणून इथे विचारते. एकच पात्र वेगवेगळ्या बाजूंनी काढलं तरी तेच वाटावं, यासाठी हाताने काढणारे लोक काय करतात?

बर्डीकर

चोवीस वेळा! पोट्टी जिद्दीची आहे. मला उत्तर माहीत नाही, पण बोजाऱ्यात काय मिळतं चाक्याला?

अबोली

ग्रीस. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका त्याच्या चाकाला ग्रीस लावून देतात आणि आवाज बंद होतो. पण मग तो घरी परत आला हे कोणालाच ऐकू येत नाही. इथे गोष्ट अडली आहे.

बर्डीकर

अरे बाप्पा. दहा वर्षांच्या पोरीने काय अडवून ठेवलं! शेवट सुचला की इथे सांगाच.

रेघोट्या

अबोलीताई, मी गेली बारा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. तुमच्या लेकीला जे झालंय ते आम्हा सगळ्यांना झालेलं आहे.

ती चाक्याची बाहेरची रेघ लक्षात ठेवून काढते आहे. पहिल्या चौकटीतली रेघ तिला पाठ आहे. पण मान वळली की बाहेरची रेघ सगळीच बदलते, आणि पाठ केलेलं काही कामाला येत नाही. आतला सांगाडा मात्र बदलत नाही. कार्टून काढणारे म्हणूनच आधी साधे ठोकळे मांडतात. १९२८ मध्ये मिकी माऊस आला तेव्हा डिस्नेच्या अब आयवर्क्स या चित्रकाराने तो जवळजवळ गोळ्यांवरच उभा केला होता: डोक्याचा गोळा, अंगाचा गोळा, कानांचे दोन गोळे. गोळा कोणत्याही बाजूने गोळाच दिसतो, म्हणून हजारो वेळा काढला तरी बिघडत नाही. त्याचे कान बघा, तोंड कुठेही वळो, कान गोलच राहतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण मिकी त्याच कानांनी ओळखू येतो.

चाक्याचं तर फारच सोपं आहे, कारण तो आधीच सुताराने ठोकळ्यांतून घडवला आहे. अंग म्हणजे एक लांबट डबा. मान म्हणजे तिरका ठोकळा. तोंड म्हणजे पुढे निमुळता होत गेलेला पेला. खाली चार चकत्या. हे सगळं एच म्हणजे कडक पेन्सिलीने अगदी फिकट काढायचं. दाबायचं नाही, नाहीतर कागदावर खाचा पडतात आणि खोडलं तरी दिसतात. ठोकळे मनासारखे बसले की मगच टूबी म्हणजे मऊ, गडद पेन्सिलीने खरा चाक्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्याकडे खरा चाक्या घरात आहे! टेबलावर ठेवा, रोज एका बाजूने काढू द्या. समोरून, तिरका, बाजूने, मागून, वरून. हे पाच चाक्या एका मोठ्या कागदावर एका ओळीत, सारख्या उंचीचे. याला मॉडेल शीट म्हणतात. ॲनिमेशनच्या स्टुडिओत एकच पात्र अनेक जण काढतात, म्हणून हा कागद प्रत्येकाच्या समोर लावलेला असतो. कोणाला शंका आली की आधी त्याच्याकडे बघायचं. मापंही लिहायची, पण सेंटिमीटरमध्ये नाही, डोक्यात. अंग म्हणजे किती डोकी लांब? चाक अर्ध्या डोक्याएवढं की पाऊण?

दोन_पेन्सिली

मान वळण्यासाठी आम्हाला कॉलेजात शिकवलेला उपाय सांगते. चेंडूवर स्केचपेनने एक आडवी आणि एक उभी रेघ मारायची, पूर्ण गोल फिरवून. आडवीवर डोळे, उभीवर नाक. आता चेंडू हळूहळू फिरवा. रेघा सरळ राहत नाहीत, वाकतात. डोळे त्या वाकलेल्या रेघेवरच बसवायचे. तुमच्या लेकीने मान वळवताना डोळे सरळ रेघेवर ठेवले असणार, म्हणून कुत्रा झाला.

बर्डीकर

नागपूरच्या धाग्यावर चेंडू? संत्र घ्या!

दोन_पेन्सिली

मे महिन्यात संत्र कुठून आणायचं भाऊ? मृग बहार तर मार्चनंतर आटोपतो आणि आंबिया दिवाळीच्या आसपास येतो. पण आलं की खरंच संत्र घ्या. फोडींमुळे उभ्या रेघा आतूनच आखून मिळतात.

खरडवही

माझं मत वेगळं आहे. मी स्वतः संगणकावर चित्रं करतो. आज बहुतेक कामं टॅबलेटवरच होतात. मूल रडतंय, पानं फाडतंय, आणि आपण त्याला अजून ठोकळे आणि मापं देतोय. मुलीला गोष्ट सांगायची आहे ना? मग एक चांगला चाक्या करून तो वापरला तर काय बिघडलं? गोष्ट पूर्ण होण्याचा आनंदही मोठा असतो. अर्धवट सोडलेल्या वह्या माझ्या लहानपणी ढीगभर होत्या आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कुंचला

खरडवही, तुमची कळकळ पोचली. पण मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, आणि चिकटवण्याने काय होतं ते जवळून पाहिलं आहे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय देतात, समजा बाजार किंवा बसथांबा, आणि मुलांनी आठवणीतून माणसं काढायची. शिकवणीला जाणारी मुलं तीन-चार माणसं घोटून यायची. टोपली घेतलेली बाई, छत्रीवाला म्हातारा, पाठमोरा मुलगा. विषय कोणताही येवो, हीच मंडळी उतरायची. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने टोपलीवाली बाई इतकी सुरेख काढली की मी थांबून बघत राहिले. त्याला म्हटलं, आता ही बाई खाली बसून टोपली उतरवते असं काढ. त्याने पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. दोन मिनिटं. मग म्हणाला, "बाई, ही बसत नाही."

त्याची ती बाई फक्त उभी राहू शकत होती. चिकटवलेला चाक्याही तसाच होईल. एकाच बाजूला बघत उभा राहील. तुमच्या लेकीच्या गोष्टीत तर त्याला रात्री मान वळवून मागे बघायचं आहे. तो मागे वळून घराकडे बघतो, तीच गोष्टीतली मोठी जागा आहे ना?

गिरवायला मात्र माझी ना नाही. पहिले आठ दिवस तिने खिडकीच्या काचेवर कागद धरून स्वतःचाच चाक्या खुशाल गिरवावा. हाताला वळण लागतं. फक्त गिरवून झाला की लगेच, तो कागद उलटा ठेवून, न बघता एकदा काढायचा. गिरवणं आणि आठवणं अशी जोडी लावा.

अबोली

कुंचलाताई, हो. तो वळून बघतो तीच चौकट तिला सगळ्यात जास्त हवी आहे आणि तीच येत नाही. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "ही बसत नाही" याला खूप हसली आणि मग गप्प झाली. आता नंदी डायनिंग टेबलावर आहे, आम्ही जेवायला खाली बसतो.

पेंटरबाबू

नमस्कार ताई. मी भिंती रंगवतो. अंगणवाड्या, शाळा, दवाखान्यांचे मुलांचे वॉर्ड. कार्टून रोजच काढून राहिलो.

आमचं काम चौकटीचं. लहान चित्रावर बोटाएवढे चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच चौकोन, पण हातभर. सुतळी गेरूत भिजवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आन् मधून ओढून सोडायची. टण्णकन सरळ लाल रेघ उमटते. मग एकेक चौकोन पाहून काढत जायचं. यात सारखेपणा येतोच.

पण पोरीले एक गोष्ट नक्की सांगा. जवळून पाहून काही समजत नाही. मी एकदा सहा फुटी अस्वल काढलं, शिडीवर उभा राहून, मले लय भारी वाटलं. रस्त्याच्या पलीकडून चहावाला ओरडला, "भाऊ, हे अस्वल आजारी आहे का?" उतरून पाहिलं तर खालून डोकं निमुळतं आन् तोंड लांबट दिसून राहिलं होतं. त्या दिवसापासून दर अर्ध्या तासानं रस्ता ओलांडतो. कागदासाठी आरसा धरा. आरशात चित्र उलटं दिसते, आन् जे वाकडं आहे ते लगेच डोळ्यात भरते. कागद उलटा करून पाहिला तरी चालते.

रेघोट्या

पेंटरबाबू, सहा फुटांचा आरसा कोणी देत नाही, म्हणून रस्ता ओलांडायचा! आमच्या टेबलावर कायम लहान आरसा असतो. ताई, तुमच्याकडे असेल तो आरसा तिला आजच द्या.

जुना_पेपर

मी चित्रकार नाही. पण वडिलांनी जपून ठेवलेली कात्रणं माझ्याकडे आहेत, त्यात आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन वर्षानुवर्षांचा आहे. १९५१ पासून त्यांनी तो काढला. लेकीचा प्रश्न वाचून काल रात्री ती कात्रणं पसरून बसलो. शेजारी शेजारी ठेवली तर प्रत्येक चेहरा तंतोतंत सारखा नाही. कुठे नाक मोठं, कुठे मान आखडलेली. तरी एका क्षणात कळतं की हा तोच. का? चौकड्यांचा कोट, धोतर, चश्मा, मिशा, टकलावरचे मागचे चार केस. आणि काही न बोलता बघत राहणं. या खुणा प्रत्येक चित्रात असतात, त्यामुळे बाकीचं हललं तरी चालतं.

मला वाटतं, मापांआधी तिने ठरवावं की चाक्याच्या कोणत्या खुणा कधीच सुटणार नाहीत. तीन पुरेत.

दोन_पेन्सिली

हे फार पटलं. याची एक परीक्षा पण आहे. चित्र पूर्ण काळं भरून टाकायचं, नुसती सावली उरेल असं. तरी ओळखू आलं तर पात्र पक्कं. मिकीच्या कानांमुळे तो ओळखू येतो. डोरेमॉनला कानच नाहीत, उंदराने कुरतडले अशी त्याची गोष्ट आहे, पण ते मोठं गोल डोकं आणि ठेंगणं अंग यावरून तो कळतो. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजनही १२९.३ किलो ठरवलेलं आहे. म्हणजे त्यांनी मापं किती ठाम ठेवली ते बघा.

आणि ताई, चोवीस चित्रांचं दडपण घेऊ नका असं तिला सांगा. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. सात मिनिटांच्या कार्टूनला एका पात्राची पाच हजारांहून जास्त होतात. तिचे चोवीस चाक्या म्हणजे दोन सेकंद.

अबोली

तिला सांगितलं. दडपण कमी होण्याऐवजी आता "आई, मग मी अजून काढू?" सुरू झालंय.

तीन खुणा तिने स्वतः ठरवल्या आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. पहिली, पुढचं डावं चाक वाकडं. दुसरी, एका शिंगाच्या टोकाचा रंग उडालेला. तिसरी, गळ्यातल्या माळेत घुंगरू पाच, सहाव्याची जागा रिकामी. तिसरी मला माहीतच नव्हती. नंदी हातात घेऊन पाहिला तर खरंच मध्ये नुसता दोरा आहे.

आता नवी अडचण. चाकं. ती सगळीकडे बांगडी ठेवून पूर्ण गोल काढते. तिरक्या चाक्याला गोल चाकं लावली की चाकं गळून पडल्यासारखी दिसतात.

रेघोट्या

बांगडीच उत्तर आहे! काचेची बांगडी डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि हळूहळू वळवायची. गोल चपटा होत जातो, अंड्यासारखा नाही, दोन्ही बाजूंनी सारखा चपटा. शेवटी नुसती रेघ उरते. चाक्या जितका समोर वळेल तितकं चाक बारीक. तिला बांगडीची पाच चित्रं काढू द्या, गोलापासून रेघेपर्यंत, आणि तीही मॉडेल शीटवर चिकटवा. वाकडं चाक बाकीच्या तीन चाकांपेक्षा थोडं वेगळं चपटं दिसेल. तेवढ्याने ते वाकडं आहे हे कळेल, मुद्दाम तोडायची गरज नाही.

मधलीआळी

विषयांतर करते. शाई कोणती वापरताय? माझा मुलगा कूलरसमोर बसून काळ्या शाईने काढतो आणि प्रत्येक रेघेला मुळं फुटल्यासारखी होतात. दुकानदाराने कागद बदलून दिला तरी तेच.

रेघोट्या

कागदाचा दोष नाही, कूलरचा आहे. कूलरची हवा ओली असते, कागद ती पितो, आणि शाई पसरते. उन्हाळ्यात मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवतो, एका वेळी एकच बाहेर काढतो, आणि शाईचं काम पहाटे साडेपाच ते आठ करतो. कूलर बंद केला की घाम कागदावर पडतो, म्हणून हाताखाली एक कोरा कागद ठेवायचाच. शाई वॉटरप्रूफ घ्या, आणि पेन्सिल खोडायच्या आधी पूर्ण वाळू द्या. बोट लावून बघू नका, कागद तिरका धरा. ओली शाई चमकते.

खरडवही

कागद पिशवीत बंद ठेवायची युक्ती आजच करतो. आणि कबूल करतो, काल माझ्या मुलासोबत बसून त्याच्या खेळण्यातल्या ट्रकची पाच बाजूंची चित्रं कागदावर काढली. वीस वर्षांनी पेन्सिल धरली. मागची बाजू काढताना लक्षात आलं की तो ट्रक घरात तीन वर्षं आहे आणि मी त्याची मागची बाजू कधी पाहिलीच नव्हती. तरी माझं म्हणणं सोडत नाही. काढायचं कागदावर, पण अक्षरं आणि फुगे संगणकावर केले तर मुलांचा त्रास वाचतो.

कुंचला

फुग्यांना माझी हरकत नाही. पण आधी अक्षर लिहून मग त्याभोवती फुगा काढायचा. मुलं आधी फुगा काढतात आणि शेवटचा शब्द त्यात मावत नाही.

महालवाली

मी चितार ओळीजवळ, नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीजवळ, वाढले. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे शाळेतून घरी यायला दुप्पट वेळ, कारण प्रत्येक दारात थांबायचं. सगळ्यात जास्त वेळ थांबायचे ते डोळे आखताना.

आमच्या घराजवळचे एक काका एका दिवसात कितीतरी मूर्तींचे डोळे आखायचे. आधी दोन्ही बुबुळांच्या जागी टिकलीएवढा ठिपका. मग दोन पावलं मागे. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. ठिपके पटले नाहीत तर ओल्या फडक्याने पुसून परत. पटले की करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास धरायचा, आणि पापणीची वरची रेघ एका दमात. त्या वेळी आम्ही पोरं पण श्वास धरून उभी. रेघ संपली की काका आणि आम्ही एकदमच सोडायचो.

त्यांना मी विचारलं होतं की सगळ्यांचे डोळे सारखे कसे येतात. ते म्हणाले, सारखे येत नाहीत बाळा, पण प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघतो का तेवढं मी बघतो.

अबोलीताई, लेकीला करंगळी टेकवायला सांगा. हात थरथरत नाही.

पुण्यात_नागपूरकर

महालवाली, डोळ्यांत पाणी आणलंत.

मला नागपूरची मारबत आठवली, मिरवणुकीने नेऊन जाळतात ती मोठी मूर्ती. काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, त्यानंतर काही वर्षांनी पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यालाच, इतवारी-महालातून त्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे. बडगे दर वर्षी वेगळे, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे. बांबू, कागद, कापड आणि रंगाने केलेली ती मोठी व्यंगचित्रंच असतात. पण मारबत दर वर्षी तीच हवी. आणि ती तर शेवटी जाळतात! इडापीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणत गावाबाहेर नेतात आणि जाळतात. मागच्या वर्षीची मूर्ती समोर ठेवून बघायची सोयच नाही. तरी पुढच्या वर्षी ती वळणावर दिसली की गर्दीतलं लहान पोरगंही ओरडतं, "आली, आली!" कोणी म्हणत नाही की ही दुसरीच आहे.

लेकीचं "हा तो नाहीच" वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. बनवणाऱ्यांच्या हातात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. चोवीस चाक्यांनंतर तुमच्या लेकीच्या हातातही तो राहील.

पेंटरबाबू

सोळा आणे खरं भाऊ. माह्या आज्यानं बडगे बनवले आहेत. बांबू बांधायच्या आधीच ते म्हणायचे, "ह्याची मान अशी पाहिजे." कागदावर काही नसायचं.

बर्डीकर

चाक्याच्या धाग्यावर मारबत आली, आता तर्री पोहेच बाकी राहिले. पण खरं सांगतो, इतका चांगला धागा लय दिवसांनी वाचला.

अबोली

धागा वर काढते आहे. पोळा झाला, सांगायचं राहिलं होतं.

मे आणि जूनमध्ये तिने मॉडेल शीट केलं. पाच बाजू, पाच बांगड्या, कोपऱ्यात तीन खुणा. अंग दोन डोकी लांब, चाक अर्ध्या डोक्याएवढं. शाळा सुरू झाल्यावर रोज एकच चौकट, रात्री जेवणानंतर. पहिल्या दहा चौकटी परत परत काढल्या, अकराव्यापासून खोडणं कमी झालं. मान वळवून बघणारी चौकट तिने सगळ्यात शेवटी ठेवली होती. त्या रात्री मी शेजारी बसले होते. फिकट डबा, ठोकळा, पेला. वाकलेली रेघ. दोन ठिपके. मग तिने पाट थोडा मागे सरकवला, मान इकडे तिकडे केली, आणि एक ठिपका पुसून केसभर खाली घेतला. करंगळी टेकवली. मी श्वास धरला होता हे मला नंतर कळलं.

तो चाक्याच होता. पहिल्या चौकटीतल्यापेक्षा त्याचं तोंड जरा रुंद आहे, शिंगही किंचित आखूड. तिने आरशात पाहिलं, परत पाहिलं, आणि म्हणाली, "हां. हाच." खोडलं नाही.

आणि बर्डीकर, शेवट. सायकलवाले काका तीन चाकांना ग्रीस लावतात. चौथ्याकडे हात नेतात तेव्हा चाक्या पाय मागे घेतो. वाकडं चाक तसंच राहतं. शेवटच्या चौकटीत घर अंधारात आहे, चाक्या दिसतच नाही, फक्त दाराबाहेरून बारीक अक्षरांत "कुईं". आणि वरच्या खिडकीत दिवा लागलेला.

तान्ह्या पोळ्याला कॉलनीत नंदी घेऊन फिरली तेव्हा वहीपण सोबत नेली. प्रत्येक घरी आधी वही वाचायला लावली आणि मगच बोजारा घेतला.

बर्डीकर

चाक्याने पाय मागे घेतला! त्याला तर पायच नाहीत ना, चाकं आहेत?

अबोली

मी पण हेच विचारलं. ती म्हणाली, "आई, तो घेतो."

कुंचला

मला त्या शेवटच्या चौकटीचा फोटो पाठवाल का? भिंतीवर लावायचा आहे.

रेघोट्या

मलाही. आणि विचारा तिला, पुढे काय?

अबोली

दोघांनाही पाठवते. पुढच्या गोष्टीत चाक्या उतारावरून सुटतो आणि उलटा पडतो, चारही चाकं वर. मॉडेल शीटवर खालची बाजू नव्हतीच. आत्ता नंदी टेबलावर उलटा ठेवलेला आहे आणि चाकं आसाला कशी ठोकली आहेत ते ती टॉर्च लावून बघते आहे.